नावांच्या यादीत न मावणारी नशा

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कावेरीच्या गाळाने सुपीक झालेल्या जमिनीत वाढणारे हे पान कुठले, त्याची चव अशी का, हे निश्चितपणे सांगता येते, आणि मानांकनाचा अर्थही तोच आहे. अमली पदार्थांविषयीचे आपले राष्ट्रीय धोरण बऱ्याच अंशी अशाच खात्रीवर उभे आहे. नशेचा पदार्थ म्हणजे एक तर ओळखीची वनस्पती, नाही तर ज्याचे नाव आधीच नोंदले गेले आहे असे रसायन, असे ते गृहीत धरते. गेल्या दोन दशकांत मात्र जगाच्या बाजारात असे एक ‘पान’ आले आहे, ज्याला ना माती आहे, ना गाव, ना कायमचे नाव. एखाद्या निरुपद्रवी वनस्पतीचा वाळलेला पाला घेतला जातो, त्यावर प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनाचा फवारा मारला जातो आणि रंगीत पुडीत भरून तो ‘हर्बल’ म्हणून विकला जातो. पाला केवळ वाहक असतो. नशा रसायनाची असते.

या रसायनांना कृत्रिम कॅनाबिनॉइड म्हणतात. ‘स्पाइस’ आणि ‘के-२’ ही त्यांची बाजारातील जुनी नावे. बोलीभाषेत त्यांना ‘कृत्रिम गांजा’ म्हटले जाते आणि गैरसमजाची सुरुवात तेथूनच होते. गांजा ज्या जागी जाऊन काम करतो त्याच जागी ही रसायनेही जातात, इतकेच त्यांच्यातील साम्य. तेथे पोहोचल्यावर ती जे करतात ते गांजाच्या परिणामाचे थोडे वाढलेले रूप नाही. हा फरक न समजलेला कायदा, त्याची चाचणी नसलेले रुग्णालय आणि ‘हे तर पानच’ अशा विश्वासाने झुरका घेणारा तरुण हे तिघे एकत्र येतात, तेव्हा जीव जातो.

राष्ट्रीय धोरणाची परीक्षा दिल्लीच्या परिषदांत होत नाही. ती कुंभकोणमसारख्या शहरांत होते. हे महानगर नाही, पण येथे महाविद्यालये आहेत, महानगरपालिका आहे, सरकारी रुग्णालय आहे आणि वर्षभर यात्रेकरूंची ये-जा आहे. दर बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव २०१६ मध्ये झाला. पुढचा २०२८ मध्ये आहे. कुंभकोणममध्ये या रसायनांची साथ आली आहे, असा या लेखाचा दावा नाही. ती कोणत्याही अशा शहरात आली तर तिची ओळख पटायला किती वेळ लागेल, हा येथे विचारलेला प्रश्न आहे.

प्रयोगशाळेतून बाजारात

या पदार्थांचा जन्म गुन्हेगारी जगात झालेला नाही. गांजातील मुख्य मादक घटक, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल किंवा टीएचसी, इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याची रचना सांगितली. तो मेंदूत नेमका कोठे काम करतो, हे कळायला आणखी चोवीस वर्षे लागली. १९८८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठात ॲलिन हॉलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत या रेणूला धरून ठेवणारा ग्राही असल्याचे दाखवले. कुलपाला किल्ली बसावी तसा ठरावीक रेणू पेशीवरील ज्या प्रथिनात बसतो, त्याला ग्राही म्हणतात. १९९० मध्ये या ग्राहीचे जनुक सापडले. त्याला आज सीबी-१ म्हणतात. रोगप्रतिकारक पेशींवर प्रामुख्याने आढळणारा दुसरा ग्राही, सीबी-२, १९९३ मध्ये उजेडात आला.

मग साहजिक प्रश्न पुढे आला : मानवी मेंदूत हे कुलूप गांजासाठी तर बनलेले नसणार, मग शरीराची स्वतःची किल्ली कोणती? १९९२ मध्ये मेशुलम यांच्या गटाने ती शोधली. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून तिचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवण्यात आले.

या कुलपाचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या आकाराच्या किल्ल्या हव्या होत्या. वेदनाशमन, भूक, स्मृती यांच्याशी या ग्राहीचा संबंध दिसत असल्याने औषधांचीही आशा होती. फायझर कंपनीने काही रेणू बनवले, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाने काही बनवले. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉन डब्ल्यू. हफमन यांच्या गटाने सरकारी अनुदानावर चारशेहून अधिक रेणू तयार केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून या मालिकेला ‘जेडब्ल्यूएच’ हे नाव पडले. हे सारे संशोधन रीतसर नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. संशोधनाची हीच पारदर्शकता पुढे दुसऱ्या कुणाच्या कामी आली.

साधारण २००४ पासून युरोपात ‘स्पाइस’ नावाच्या पुड्या धूप किंवा सुगंधी पाला म्हणून उघडपणे विकल्या जाऊ लागल्या. वेष्टनावर फक्त वनस्पतींची नावे असत. २००८ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्ट येथील एका औषधी कंपनीच्या प्रयोगशाळेने त्यात जेडब्ल्यूएच-०१८ हे रसायन शोधून काढले. म्हणजे चार वर्षे लोक काय ओढत होते, हे ओढणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि सरकारलाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. सर्वच कृत्रिम कॅनाबिनॉइड बाजारू विष नाहीत. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर दिले जाणारे नॅबिलोन हे औषधही याच कुळातले; त्याची मात्रा मोजलेली, शुद्धता तपासलेली आणि परिणाम नोंदलेले असतात. धोका केवळ ‘कृत्रिम’ असण्यात नाही. कोणता रेणू, किती प्रमाणात आणि कोणत्या तपासणीनंतर शरीरात जातो, यात तो आहे.

शरीरात काय घडते

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देते, तेव्हा दोघींमधल्या सूक्ष्म फटीत ती रासायनिक द्रव्य सोडते. संदेश घेणारी पेशी प्रमाणाबाहेर उत्तेजित झाली, की ती आनंदामाइड किंवा त्याच्यासारखा ‘टू-एजी’ नावाचा रेणू तयार करते. हा रेणू उलट दिशेने मागे जातो आणि संदेश पाठवणाऱ्या पेशीवरील सीबी-१ ग्राहीवर बसतो. ग्राही त्या पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट आवळतो आणि पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट मोकळी करतो. परिणामी पेशी कमी द्रव्य सोडते. ‘पुरे, जरा हळू’ असे सांगणारी ही व्यवस्था आहे. तिचे सौंदर्य तिच्या मर्यादेत आहे. रेणू गरजेपुरता, गरज असेल तेथेच आणि क्षणभरासाठी तयार होतो; काम झाले की विकरे त्याचे तुकडे करतात.

गांजा ओढल्यावर टीएचसी ही मर्यादा मोडतो. तो गरज असो वा नसो, मेंदूभर पसरतो आणि लगेच नष्टही होत नाही. म्हणून स्मृती, वेळेचे भान आणि तोल यांत गडबड होते. तरीही एक लगाम शिल्लक राहतो. टीएचसी हा सीबी-१ चा अंशतः उद्दीपक आहे. त्याने सगळे ग्राही व्यापले तरी ग्राहीची पूर्ण क्षमता जागी होत नाही. आवाजाची कळ अर्ध्यापुढे फिरू नये तसे. शिवाय श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठात सीबी-१ ग्राही विरळ आहेत. अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने श्वास थांबतो तसा तो गांजाने सहसा थांबत नाही, यामागचे हे एक कारण. ‘गांजाने कोणी मरत नाही’ ही लोकसमजूत अतिशयोक्त असली, तरी तिच्या मुळाशी हे शरीरशास्त्र आहे.

बाजारातील बहुसंख्य कृत्रिम कॅनाबिनॉइड हा लगाम काढून टाकतात. ते पूर्ण उद्दीपक आहेत, म्हणजे कळ शेवटपर्यंत फिरवतात. त्यांची पकडही घट्ट असते. सुरुवातीच्या पिढीतला जेडब्ल्यूएच-०१८ सीबी-१ ला टीएचसीपेक्षा सुमारे चौपट-पाचपट घट्ट धरतो. नंतरच्या पिढ्यांशी तुलना केली तर हा सौम्यच म्हणायचा. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये सापडलेला एएमबी-फुबिनाका हा रेणू टीएचसीच्या सुमारे ८५ पट प्रभावी असल्याचे संशोधकांनी नोंदवले.

पूर्ण उद्दीपनाचा परिणाम केवळ ‘जास्त नशा’ असा का होत नाही? सीबी-१ ग्राही दोन्ही प्रकारच्या चेतापेशींवर असतात : मेंदूला चेतवणाऱ्या आणि मेंदूला आवरणाऱ्या. अंशतः दाबात काही समतोल टिकतो. पूर्ण दाबात आवरणाऱ्या पेशींचा आवाजही बंद होऊ शकतो. मग गांजाच्या सेवनात क्वचितच दिसणारी लक्षणे समोर येतात : आकडी, अनावर हिंसक अस्वस्थता, वास्तवाचे भान पूर्ण सुटणे, आणि काही वेळा त्याउलट दगडासारखी निश्चल अवस्था. हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्यावरही याच व्यवस्थेचे नियंत्रण चालते. म्हणून नाडी बेफाम धावते किंवा धोकादायकरीत्या मंदावते, आणि कुमारवयीन मुलांत हृदयविकाराचा झटका आल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूत्रपिंडेही सुटत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मधील अशा सोळा रुग्णांची नोंद पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. या पदार्थांच्या सेवनानंतर त्यांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली होती.

यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली, यकृत टीएचसीचे रूपांतर करत अखेर ते निष्क्रिय करते. पण जेडब्ल्यूएच-०१८ च्या बाबतीत यकृताने तयार केलेली अनेक उपद्रव्येही ग्राहीवर काम करत राहतात. मूळ रेणू संपला तरी त्याचे वारस मागे उरतात. दुसरी, गांजाच्या झाडात टीएचसीबरोबर कॅनाबिडिऑलही असते आणि ते मादक परिणामाला काही प्रमाणात आवर घालते, असे मानणारे संशोधन आहे. फवारलेल्या पाल्यात असा कोणताच सोबती नसतो. तिसरी गोष्ट अगदी साधी आणि तितकीच जीवघेणी : फवारणी सारखी बसत नाही. पुडीच्या एका कोपऱ्यात रसायन जवळजवळ नसते आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याची पुटे चढलेली असतात. काल ज्याने दोन झुरक्यांत काहीच जाणवले नाही, त्याच पुडीचे आजचे दोन झुरके माणसाला जमिनीवर पाडू शकतात. अनुभवी ओढणाऱ्याचा अंदाज येथे निरुपयोगी ठरतो.

साथीचे धडे

२०१६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका दिवसात तेहतीस लोक एकाच परिसरात बधिर, रिकाम्या नजरेने, यंत्रवत हालचाली करताना आढळले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘झोंबी’ म्हटले. डॉक्टर, पोलिस आणि विद्यापीठातील विश्लेषक यांनी एकत्र काम केले, म्हणूनच रक्तातील उपद्रव्यावरून मूळ रेणू ओळखता आला. त्यानंतरच्या काळात न्यूझीलंडमध्ये याच रेणूशी जोडलेले मृत्यू डझनांनी नोंदवले गेले.

२०१८ च्या मार्चपासून अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात वेगळेच संकट उभे राहिले. रुग्णांच्या नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येत होते. त्यांनी ओढलेल्या कृत्रिम कॅनाबिनॉइडमध्ये ब्रोडिफॅकम मिसळलेले होते. हे उंदीर मारण्याचे, रक्त गोठू न देणारे विष. दीडशेहून अधिक लोक त्या राज्यात आजारी पडले, काही दगावले. वाचलेल्यांना महिनोन्‌महिने ‘के’ जीवनसत्त्व घ्यावे लागले. नशेच्या रुग्णाचे रक्त गोठण्याची क्षमता तपासावी, हे कोणत्या डॉक्टरला आधी सुचले असते? पहिल्या काही रुग्णांच्या नोंदी एका ठिकाणी जमा झाल्या, म्हणून ते सुचले.

वाहकही बदलत गेले आहेत. ब्रिटिश तुरुंगांत ही रसायने पत्रांच्या कागदावर शोषवून आत जातात. इंग्लंडमधील ३८ शाळांतून जप्त केलेल्या ई-सिगारेटींपैकी सुमारे सहांपैकी एकीत कृत्रिम कॅनाबिनॉइड असल्याचे बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. अनेक मुलांना आपण गांजाचे तेल ओढत आहोत असे वाटत होते. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. पण बंदी असलेली वस्तू चोरवाटेने येते, तेव्हा तिच्यात काय भरले आहे हे तपासणारे कोणी नसते.

कायदा काय मोजतो?

भारताचा अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ चा. तो तीन मोजपट्ट्या वापरतो.

पहिली मोजपट्टी वनस्पतीची. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. चरस म्हणजे राळ. पाने आणि बिया वेगळ्या असतील तर त्या व्याख्येबाहेर. म्हणून भांग राज्यांच्या अबकारी कायद्यांखाली येते. या भेदामागे जुना इतिहास आहे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये हजाराहून अधिक साक्षी नोंदवून, मर्यादित सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला होता. त्या निष्कर्षाशी आज सहमत व्हावे किंवा होऊ नये. पण ते एका वनस्पतीविषयी शतकानुशतके साठलेले सामाजिक ज्ञान होते. मागच्या महिन्यात जन्मलेल्या रेणूविषयी असे ज्ञान कोणाकडेच असू शकत नाही.

दुसरी मोजपट्टी नावाची. मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणजे कायद्याच्या अनुसूचीत ज्याचे नाव आहे तो. केंद्र सरकार कलम ३ खाली नावे वाढवू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात जेडब्ल्यूएच-०१८ आणि एएम-२२०१ यांचा समावेश २०१५ मध्ये झाला. आपल्या अनुसूचीतही अशी नावे क्रमाने येत गेली. परंतु रसायनज्ञ रेणूच्या शेपटीत एक अणू बदलतो आणि नाव बदलते. महाराष्ट्राने हा खेळ मेफेड्रोनच्या, म्हणजे ‘एमडी’च्या बाबतीत पाहिला आहे. मुंबईच्या वस्त्यांत तो पोहोचल्यानंतर, २०१५ च्या फेब्रुवारीत, त्याचे नाव अनुसूचीत आले. तोवर पोलिसांच्या हाती या कायद्याचे बळच नव्हते. गुटख्याची कथाही याहून वेगळी नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि तमिळनाडूने २०१३ मध्ये बंदी घातली; लगेच पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी-शेजारी लटकू लागली. वस्तू तीच होती. व्याख्या चुकवली गेली होती.

युरोपात यादी आणि रेणू यांच्यातील ४८० पानी शर्यत पाहायला मिळते, असे म्हटले तर ती अतिशयोक्तीच ठरेल. पण शर्यत आहे हे खरे. जर्मनीने २००९ च्या जानेवारीत जेडब्ल्यूएच-०१८ वर बंदी आणली. साधारण चार आठवड्यांत त्याचा चुलतभाऊ जेडब्ल्यूएच-०७३ पुड्यांत आला. २०२३ अखेर युरोपीय संघाच्या यंत्रणेच्या नजरेखाली अडीचशेहून अधिक कृत्रिम कॅनाबिनॉइड होते.

तिसरी मोजपट्टी वजनाची. गांजाचे व्यावसायिक प्रमाण वीस किलो, चरसाचे एक किलो. हीरासिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला, की मिश्रणातील निष्क्रिय घटकाचे वजनही प्रमाण ठरवताना धरायचे. हेरॉइनमध्ये भेसळ करणारा सुटू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण फवारलेल्या पाल्याला हा नियम लावला तर जवळजवळ सगळे वजन पाल्याचे असते. रसायनाचे नाव अनुसूचीत असेल, तर पुडी बाळगणारा कॉलेजचा मुलगा मोठ्या विक्रेत्याच्या रांगेत उभा राहू शकतो; व्यावसायिक प्रमाण ठरले की किमान शिक्षा दहा वर्षांची. नाव अनुसूचीत नसेल, तर ती पुडी विकणाऱ्यावरही या कायद्याखाली गुन्हा नाही. एकाच पुडीला दहा वर्षे किंवा शून्य, आणि निर्णय ठरतो एका अणूवर. अपायाचे मोजमाप कुठेच होत नाही.

इतर देशांनी वेगळे मार्ग शोधले. अमेरिकेने २०१२ मध्ये रचनेचे काही समूह आणि सीबी-१ ग्राहीवरील क्रिया या दोन्हींवर आधारलेली व्याख्या केली. ब्रिटनने २०१६ मध्ये परिणामावर आधारलेला व्यापक कायदा आणला. रस्त्यावरची दुकाने बंद झाली, पण तुरुंगांत आणि बेघरांत सेवन चालूच राहिले. चीनने १ जुलै २०२१ पासून संपूर्ण वर्गावर बंदी घातली. त्यानंतर बंदीच्या रचनांबाहेरचे नवे सांगाडे बाजारात आले. म्हणजे व्यापक व्याख्या आवश्यक आहे, पण ती एकटी पुरेशी नाही.

भारतापुढे हा प्रश्न आयातीपुरता नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. औषधनिर्मितीत जगात अग्रेसर असलेल्या देशात रसायनज्ञ, कच्चा माल आणि बंद पडलेले कारखाने हे तिन्ही उपलब्ध आहेत. आज एक रेणू बनवणाऱ्याला उद्या दुसरा बनवायला नवी विद्या शिकावी लागत नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या दारात

आता कुंभकोणमच्या प्रश्नाकडे येऊ. मध्यरात्री एखाद्या तरुणाला आकडी आलेल्या अवस्थेत सरकारी रुग्णालयात आणले, असे समजा. मित्र म्हणतात, ‘थोडा गांजा घेतला होता.’ लघवीची झटपट चाचणी होते. ती टीएचसीचे विशिष्ट उपद्रव्य शोधते. कृत्रिम कॅनाबिनॉइडची रचना वेगळी असल्याने ती चाचणी नकारात्मक येते. आता दोन चुका संभवतात. एक तर नशेची शक्यता सोडून देऊन त्याला अपस्माराचा किंवा मनोविकाराचा रुग्ण ठरवले जाईल. नाही तर ‘गांजाच तर आहे, उतरेल’ म्हणून बाकावर झोपवले जाईल. दोन्हींत मूत्रपिंड, हृदय आणि शरीराचे तापमान यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे.

या रसायनांवर उतारा नाही. सीबी-१ ग्राही बंद करणारे रिमोनाबँट हे औषध लठ्ठपणासाठी आले होते. नैराश्य आणि आत्महत्येच्या धोक्यामुळे युरोपने २००८ मध्ये ते थांबवले आणि भारतानेही पुढच्या वर्षी बंद केले. तरीही उपचार अशक्य नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेक जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात आहेत : आकडी आणि अस्वस्थतेसाठी बेंझोडायझेपिन वर्गातील औषध, शिरेवाटे द्रव, हृदयाचा आलेख, मूत्रपिंडाच्या चाचण्या, ताप असेल तर शरीर थंड करणे, आणि रक्तस्राव दिसला तर रक्त गोठण्याची तपासणी. उणीव औषधांची नाही. संशय घेण्याच्या सवयीची आणि नमुना पुढे पाठवण्याच्या वाटेची आहे.

ही वाट कशी असावी, याचा एक जुना दाखला कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि तो मराठी वाचकाला परका वाटू नये. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘धन्वंतरी महाल’ उभा केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करत आणि रुग्णांच्या नोंदी जपल्या जात. औषध देणे आणि त्याचा परिणाम लिहून ठेवणे ही दोन वेगळी कामे नाहीत, ही जाण त्या व्यवस्थेत होती. युरोपीय संघाची १९९७ पासून चालणारी पूर्वसूचना यंत्रणा याच तत्त्वावर चालते. एका रुग्णालयातील विचित्र रुग्ण, एका पोलिस ठाण्यातील अनोळखी भुकटी आणि एका प्रयोगशाळेतील विश्लेषण एका नोंदीत येतात आणि ती नोंद सर्वांपर्यंत जाते.

आपल्याकडे आकड्यांचीच वानवा आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांचे सेवन केले होते, त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. त्या सर्वेक्षणाच्या मुख्य वर्गवारीत कृत्रिम कॅनाबिनॉइडचा स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही त्याची संख्या शून्य दिसते, आणि शून्यासाठी कोणी तरतूद करत नाही.

काय करता येईल

पहिले पाऊल कायद्याचे. नावांच्या यादीबरोबर, रासायनिक रचनेचे समूह आणि ग्राहीवरील क्रिया सांगणारी सर्वसाधारण व्याख्या हवी. नवा रेणू सापडताच ठरावीक मुदतीसाठी त्याचे नियंत्रण करण्याची तातडीची तरतूद हवी आणि मुदत संपण्यापूर्वी शास्त्रीय समितीने तो कायम ठेवायचा की वगळायचा हे ठरवावे. संशोधन आणि औषधनिर्मिती यांना स्पष्ट सूट नसेल, तर हाच कायदा उद्याच्या वेदनाशामकाचा मार्ग अडवेल.

दुसरे, वजनाच्या मोजपट्टीचा फेरविचार. फवारलेल्या पदार्थांत पाल्याच्या किंवा कागदाच्या वजनाऐवजी रसायनाची मात्रा आणि विक्रीचा पुरावा पाहावा. स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्याला कलम ६४-अ प्रमाणे उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे संरक्षण कागदावरून पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचायला हवे. अटकेच्या भीतीने मित्र बेशुद्ध मित्राला रुग्णालयाबाहेर सोडून पळतात, तेव्हा कायदा जीव वाचवत नसतो.

तिसरे, प्रयोगशाळा. नवा रेणू ओळखायला वस्तुमान वर्णपटमापक यंत्र आणि तुलनेसाठी शुद्ध नमुने लागतात. ते प्रत्येक जिल्ह्यात असण्याची गरज नाही. प्रत्येक विभागात एक सक्षम केंद्र असावे, नमुना किती दिवसांत तेथे पोहोचेल आणि उत्तर किती दिवसांत परत येईल हे ठरलेले असावे, आणि ते उत्तर न्यायालयाबरोबर डॉक्टरलाही मिळावे. आज न्यायवैद्यक अहवाल खटल्यासाठी असतो. तो येईपर्यंत रुग्ण एक तर घरी गेलेला असतो, नाही तर राहिलेला नसतो.

चौथे, मोठ्या यात्रांचे आरोग्य-नियोजन. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे, २०२८ मध्ये कुंभकोणमचा महामहम. अशा वेळी पटकी, चेंगराचेंगरी आणि उष्माघात यांची तयारी होते. एकाच परिसरातून, एकाच रात्री, आकडी किंवा बेशुद्धीचे काही रुग्ण आले तर कोणाला कळवायचे, हे एका पानाचे परिपत्रक त्या तयारीत जोडायला फार खर्च येत नाही.

पाचवे पाऊल सर्वांत अवघड, कारण ते भाषेचे आहे. शाळा-महाविद्यालयांतील नशामुक्तीच्या भाषणांत सगळे पदार्थ एकाच काळ्या रंगात रंगवले जातात. ज्याने गांजा ओढलेला मित्र सहीसलामत पाहिला आहे, तो अशा भाषणावर विश्वास ठेवत नाही आणि मग खऱ्या इशाऱ्यावरही ठेवत नाही. त्याला हे सांगावे लागेल, की तुझ्या हातातल्या पाल्याला ‘गांजा’ म्हणत असले तरी त्यात गांजा नसू शकतो. एकाच पुडीचे दोन झुरके सारखे नसतात. आणि कोणी कोसळला तर पहिला फोन रुग्णवाहिकेला करायचा. हे सांगताना गांजाची भलामण होत नाही. भीतीपेक्षा माहितीवर माणूस अधिक काळ टिकतो, एवढेच यात गृहीत आहे.

मानवी मेंदूने स्वतःला आवरण्यासाठी घडवलेल्या एका नाजूक व्यवस्थेवर ही रसायने घाला घालतात. तिला आवर घालणारी सरकारी व्यवस्था त्याच मेंदूकडून एक गोष्ट शिकू शकते : संदेश जेथे गरज आहे तेथून, वेळेत, उलट दिशेने मागे गेला पाहिजे. जिल्हा रुग्णालयातून राजधानीकडे जाणारा हा संदेश सध्या निघतच नाही. यादीत पुढचे नाव घालण्यापूर्वी ती वाट बांधायला हवी.